ड्युरेलांचं कॉर्फू : घरं शोधत न बसता बेट कसं पाहावं

ग्रीसच्या कॉर्फू बेटावर १९३० च्या दशकात राहिलेलं ड्युरेल हे ब्रिटिश कुटुंब जेराल्ड ड्युरेलच्या आठवणींच्या पुस्तकामुळे जगाला माहीत झालं. त्या कुटुंबाच्या ओढीनं कॉर्फूला गेलेल्या अनेकांचा पहिला दिवस एकाच खटपटीत संपतो. पुस्तकातलं गुलाबी, पिवळं आणि पांढरं घर शोधण्याची ही खटपट असते. तिन्ही घरं खाजगी मालकीची आहेत, त्यांना तिकीट नाही की फेरफटका नाही. फार तर बंद फाटक आणि त्यामागची झाडं दिसतात. खारं सरोवर, ऑलिव्हच्या बागा, कलामीचा किनारा आणि जुनं शहर मात्र सगळ्यांसाठी खुलं आहे. त्या कुटुंबाचं जगणं चार भिंतींपेक्षा तिथंच जास्त घडलं. म्हणून प्रवासाची आखणी घरांभोवती करू नका, या जागांभोवती करा.

निघण्याआधी पुस्तक आणि वास्तव वेगळं करा

जेराल्ड ड्युरेलचं ‘माय फॅमिली अँड अदर ॲनिमल्स’ १९५६ साली आलं. ते आठवणींचं पुस्तक आहे, नोंदवही नव्हे. ते शब्दशः धरलं तर जागांचा हिशेब चुकतो, त्यामुळे काही गोष्टी आधी माहीत हव्यात.

कुटुंब १९३५ च्या मार्चमध्ये बेटावर आलं आणि १९३९ च्या उन्हाळ्यात, युद्ध तोंडावर असताना, बहुतेक सगळे परतले. म्हणजे मुक्काम साधारण सव्वाचार वर्षांचा. येताना जेराल्ड १० वर्षांचा होता आणि त्याचा थोरला भाऊ लॅरी, म्हणजे लेखक लॉरेन्स, २३ वर्षांचा. पुस्तकात लॅरी घरातच राहून सगळ्यांचं डोकं खातो. प्रत्यक्षात त्याचं लग्न झालेलं होतं, बायकोचं नाव नॅन्सी, आणि दोघं बहुतेक काळ बाकी कुटुंबापासून वेगळे राहत. त्यांचं कलामीचं घर हे म्हणूनच चौथं ठिकाण आहे. जेराल्डच्या पुस्तकापुरतं पाहणारे ते हमखास विसरतात. लॉरेन्सनं १९४५ च्या ‘प्रॉस्परोज सेल’मध्ये याच किनाऱ्याबद्दल लिहिलं. ही दोन्ही पुस्तकं वाचून गेलात तर एकच बेट दोन वेगळ्या डोळ्यांनी दिसतं.

मराठी वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल. हे कुटुंब ‘ब्रिटिश’ असलं तरी हिंदुस्थानात वाढलेलं. आई लुईझा रुरकीची, लॉरेन्सचा जन्म जालंधरचा, जेराल्डचा जमशेदपूरचा. वडील इंजिनिअर होते. १९२८ मध्ये ते वारले आणि कुटुंब इंग्लंडला गेलं, पण त्या थंड देशात कुणाचं मन रमलं नाही. जेराल्डला निसर्ग वाचायला शिकवणारे डॉक्टर थिओडोर स्टेफनिडीस तर १८९६ साली आपल्या मुंबईत जन्मलेले. त्यांनी बेटावर क्ष-किरण विभाग सुरू केला आणि गोड्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा अभ्यास केला. त्यातल्या काही जातींना त्यांचं नाव आहे. जमशेदपूरचा मुलगा आणि मुंबईचा डॉक्टर ग्रीसच्या एका ओढ्याकाठी एकाच भिंगातून पाहत बसले होते, हे मनात ठेवून त्या वाटा चालाव्यात.

या कुटुंबावरच्या टीव्ही मालिकेतलं समुद्रकाठचं घर हे कुटुंबाच्या तिन्ही घरांपैकी नाही. बोटीच्या सहलींत ते ‘ड्युरेलांचं घर’ म्हणून दाखवलं जातं, तेव्हा पैसे देण्याआधी नेमकं कोणतं घर दाखवणार ते विचारा.

केव्हा जावं

दोनच काळ खरे कामाचे आहेत. पहिला, एप्रिलच्या शेवटापासून मे महिनाअखेरपर्यंत. रानफुलं असतात, कासवं हिंडत असतात आणि रात्री ऑलिव्हच्या बागांत काजवे चमकतात. भंडारदऱ्याकडचे काजवे पाहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त इथं ते पावसाच्या तोंडावर नाही तर पाऊस संपल्यावर दिसतं. कारण कॉर्फूचं ऋतुचक्र आपल्या उलट आहे. वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो तो मुख्यतः ऑक्टोबर ते मार्चमध्ये, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. दुसरा काळ सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. समुद्र कोमट असतो, गर्दी ओसरलेली असते आणि उत्तरेच्या वाळूत पांढऱ्या लिली फुललेल्या असतात.

जुलै-ऑगस्ट टाळा. ओढे आटतात, प्राणी दिवसा लपून बसतात, खोल्यांचे दर चढतात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कलामीसारख्या गावांतल्या खानावळी बंद असतात आणि बस कमी होतात.

ऑर्थोडॉक्स ईस्टर इथला सर्वांत मोठा सण. २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. आदल्या शनिवारी सकाळी ११ वाजता लोक खिडक्यांतून मातीची मडकी रस्त्यावर फोडतात. ते पाहायचं असेल तर खोली चार-पाच महिने आधी घ्या. नसेल पाहायचं तर तो आठवडा सोडून जा, मधला मार्ग नाही.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मात्र मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच भेटीची वेळ घ्या, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर त्या वेळा भरून जातात. शुल्क मोठ्यांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५, शिवाय अर्जकेंद्राचा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि त्यात परत येण्याचा दिवसही धरलेला असावा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि २ कोरी पानं असलेला लागतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. पाच दिवस कॉर्फू आणि सात दिवस इटली असा बेत असेल तर अर्ज इटलीकडे जातो. हे चुकलं की नकार येऊ शकतो.

गाडी चालवणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. नमुना ४-अ भरायचा, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. स्कूटर घ्यायची असेल तर त्या परवान्यावर दुचाकीचा वर्ग असायलाच हवा. तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. वाहतूक उजवीकडून आहे आणि उत्तरेकडचे रस्ते घाटाचे, अरुंद आहेत.

पोचणं आणि फिरणं

पाट्यांवर आणि वेळापत्रकांत ‘कॉर्फू’ शोधत राहिलात तर चुकाल. बेटाचं ग्रीक नाव केर्किरा आहे आणि बस-बोटींवर तेच लिहिलेलं असतं. अथेन्सहून विमानानं सुमारे एक तास लागतो. सामान जास्त असेल किंवा वाटेतला प्रदेश पाहायचा असेल तर अथेन्सहून बस घ्या, ती इगुमेनित्सा बंदरात फेरीबोटीवर चढते. सगळा प्रवास आठ-नऊ तासांचा. मुंबईहून जाताना युरोपातल्या दुसऱ्या शहरात विमान बदलणार असाल तर तिथं किमान तीन तास ठेवा. शेंगेनमधला पहिला विमानतळ तोच असल्यानं पासपोर्ट तपासणी आणि बोटांचे ठसे तिथंच होतात. रांग लांबली की पुढचं विमान चुकतं.

बेटावर दोन प्रकारच्या बस आहेत. निळ्या शहर आणि आसपासच्या, त्या सान रोक्को चौकाजवळून सुटतात. हिरव्या लांबच्या गावांच्या, त्यांचं स्थानक विमानतळाच्या बाजूला आहे. कानोनी आणि पेरामाला निळी बस, कलामी आणि कासिओपीकडे हिरवी. रविवारी दोन्ही तुरळक असतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच चालकाला विचारून ठेवा.

शहर : एक दिवस पुरे

जुनं शहर २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथं १३८६ ते १७९७ व्हेनिसचं राज्य होतं आणि १८१५ ते १८६४ ब्रिटिशांचं संरक्षण. दुसरी खूण स्पियानादा मैदानावर दिसते. तिथं १८२३ मध्ये पहिला क्रिकेट सामना झाला. ग्रीसमध्ये क्रिकेट रुजलं ते इथूनच. शेजारच्या कॅफेत ‘त्सित्सिबिरा’ मागा. लिंबू, आलं आणि साखरेचं हे आंबवलेलं पेय ब्रिटिशांच्या जिंजर बिअरचाच अवतार आहे.

संत स्पिरिडॉनच्या चर्चमध्ये सकाळी लवकर जा. संतांचा देह चांदीच्या पेटीत आहे आणि बेटावर दर तिसरा माणूस ‘स्पिरो’ का, ते इथं कळतं. ड्युरेलांचा मोटारवाला आणि पाठीराखा स्पिरोही त्याच नावाचा. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. वर्षातून चार वेळा मिरवणूक निघते. पाम संडे (ईस्टरच्या आधीचा रविवार), पवित्र शनिवार (ईस्टरचा आदला दिवस), ११ ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. जुन्या किल्ल्याच्या तोंडाशी बोस्केत्तो नावाची बाग आहे, तिथं दोन्ही भावांची शिल्पं आहेत. पाच मिनिटांत पाहून होतात.

सरोवराची चाल : अर्धा दिवस, सर्वांत महत्त्वाची

निळ्या बसनं कानोनीला उतरा. खाली व्लाखेर्ना हा पांढरा मठ आणि त्यामागे पोन्दिकोनिसी, उंदराचं बेट. छायाचित्र काढून बहुतेक लोक इथूनच परततात. तुम्ही पायऱ्या उतरून हालिकिओपुलो या खाऱ्या सरोवराच्या तोंडावरच्या अरुंद पादचारी बांधावरून पलीकडे चालत जा, पेरामाला निघाल. या बांधावर पायी आणि दुचाकीनंच जाता येतं. विमानतळाची धावपट्टी इतकी जवळ आहे की विमानं डोक्यावरून उतरतात. लहान मुलांचे कान झाका आणि टोपी हातात धरा.

कुटुंबाचं पहिलं घर, गुलाबी, या पेरामाच्या उतारावर होतं. शेवटचं, पांढरं घर याच सरोवराकडे पाहणाऱ्या टेकडीवर. मधलं पिवळं घर उत्तरेला, गुव्हिया आणि कोंदोकालीच्या बाजूला. पुस्तकातली बुद्धिबळाच्या पटासारखी शेतं म्हणजे सरोवराच्या टोकाची व्हेनिसकालीन मिठागरं आणि त्यांचे कालवे. त्यांचा काही भाग आज विमानतळाखाली गेला आहे. कडेच्या कालव्यांत अजून बेडूक आणि पाणकासवं असतात, काठावर बगळे. सकाळी ८ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर जा. भर दुपारी इथं सावली नाही.

कलामी : पूर्ण दिवस

हिरवी बस वरच्या हमरस्त्यावर सोडते. शहरापासून हे अंतर सुमारे ३० किलोमीटर, वळणं मोजून तास लागतो. तिथून उतरून गावात जायचं, आणि परतताना तोच चढ उन्हात चढायचा. पाणी बरोबर ठेवा. लॉरेन्स आणि नॅन्सीचं पांढरं घर पाण्याला टेकून उभं आहे. आज तळाशी खानावळ आणि वर भाड्याच्या खोल्या आहेत. आत पाऊल टाकता येईल असं ड्युरेलांचं हे एकच घर, म्हणून दुपारचं जेवण इथं घ्यावं. टेबल आदल्या दिवशी सांगून ठेवा.

इथून होडी भाड्यानं घ्या. ३० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची छोटी होडी परवान्याशिवाय मिळते. देणारा दहा मिनिटं शिकवतो. नांगर कसा टाकायचा आणि इंजिन बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, या दोन गोष्टी त्याच्याकडून वदवून घ्या. इंधनाचे पैसे वेगळे असतात. सकाळी ९ ला निघा आणि १ पर्यंत परता. उन्हाळ्यात दुपारनंतर ‘माइस्त्रोस’ हा वायव्येचा वारा सुटतो, खाडीबाहेर लाटा उठतात आणि छोटी होडी किनाऱ्याला लावताना दगडावर आपटते. समोरचा डोंगर अल्बेनियाचा आहे. सामुद्रधुनी सर्वांत चिंचोळी जिथं आहे तिथं जेमतेम दोन किलोमीटर, त्यामुळे किनारा सोडून मध्यावर जाऊ नका. पाण्यात उतरताना रबरी बूट घाला. सागरी साळूच्या काट्यांनी प्रवास बिघडलेले लोक दर मोसमात दिसतात.

उत्तरेचं लिलींचं सरोवर

अंदिनिओतिसा हे खारं सरोवर बेटाच्या उत्तर टोकाला, कासिओपी आणि अखारावीच्या मध्ये. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर वाळूत पांढरी सुवासिक फुलं येतात. एकही तोडू नका. कंद वाळूत खोल असतात आणि पायवाट सोडून चालल्यानं वाळू सरकून ते उघडे पडतात. बसपेक्षा टॅक्सी किंवा गाडी बरी. पक्ष्यांसाठी यायचं असेल तर नैर्ऋत्येचं कोरिसिओन सरोवर जास्त मोठं आहे.

जिवांकडे कसं पाहावं

सामान फार लागत नाही. १० पट भिंग, ८×४२ ची दुर्बीण, तांबड्या प्रकाशाचा टॉर्च, पांढरी उथळ वाटी आणि वही. जाळी आणि डब्या घरी ठेवा. जेराल्ड प्राणी घरी आणायचा तो १९३० च्या दशकात. आज कासवांसारखे जीव संरक्षित आहेत आणि उचलून नेणं गुन्हा आहे. त्यानं स्वतः पुढचं आयुष्य जर्सी बेटावर प्राणी वाचवण्यात घालवलं. त्याची संस्था आसामात रानडुकराच्या सर्वांत छोट्या जातीसाठीही काम करते.

थिओडोरनी जेराल्डला सुरुवातीला दाखवलेली गोष्ट म्हणजे ट्रॅपडोअर कोळ्याचं बीळ. ते शोधायची पद्धत अशी. पायवाटेच्या कडेची शेवाळलेली, उभी मातीची दरड निवडा. तोंड दरडीपासून फूटभरावर न्या आणि सूर्य तिरका असताना पाहा, म्हणजे झाकणाची गोल कड सावलीमुळे उठून दिसते. नाण्याएवढं वर्तुळ दिसलं की ते बीळ. झाकण काडीनं उचकटू नका. बिजागरी रेशमाची असते आणि ती तुटली की कोळ्याला दार पुन्हा विणावं लागतं. त्याऐवजी अंधार पडल्यावर तांबडा टॉर्च घेऊन या. दार किंचित उघडं आणि फटीत पाय दिसतात.

ओढ्यातलं पाणी वाटीत घ्या, सावलीत ठेवा आणि पाच मिनिटं हलवू नका. गढूळपणा खाली बसला की ठिपके पळताना दिसू लागतात. भिंग डोळ्याला चिकटवून वाटी जवळ आणा. भिंग वाटीवर धरून दुरून पाहिलं तर सगळं पुसट दिसतं. पाहून झालं की पाणी त्याच ओढ्यात, त्याच जागी ओता. तळहातावर मावणारी पाली-सरड्यांची दुनिया पाहायची तर रात्री गावातल्या भिंतीवरच्या दिव्याखाली थांबा. घरपाली आणि प्रार्थनाकीटक यांची झुंज लागते ती अशाच उजेडात.

ऑलिव्हची झाडं इथं उंच वाढू दिलेली आणि पोकळ खोडांची आहेत. लागवड व्हेनिसच्या काळातली. जमिनीवर काळ्या जाळ्या पसरलेल्या किंवा गुंडाळलेल्या दिसतील. गळालेली फळं त्यात गोळा होतात, म्हणून त्यांवरून चालू नका. पोकळीत हात घालू नका. विंचू छोटे, काळे आणि फारसे घातक नसले तरी बेटावर नाकावर शिंग असलेला घोणसाच्या कुळातला विषारी साप आहे. गवतात घोटा झाकणारे बूट घाला, दगडी कठड्यावर बसण्याआधी काठी आपटा. चावा झालाच तर जखम कापणं-चोखणं नको. अवयव हलवू नका आणि ११२ ला फोन लावा.

शाकाहारींसाठी

‘मांसाशिवाय’ म्हणजे ‘खोरिस क्रेआस’ एवढंच म्हटलं तर कोंबडीचा रस्सा किंवा मासे ताटात येऊ शकतात. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, हा शब्द वापरा. त्यात दूध, अंडी, मांस नसतं, पण ग्रीक उपासाला कोळंबी आणि माकूळ चालतात, तेव्हा ‘खोरिस थालासिना’ म्हणजे समुद्राचं काही नको, हेही जोडा. त्सिगारेली मागवा. रानभाज्या तिखटात परतलेल्या असतात आणि आपल्या जिभेला लगेच जमतात. भाताचं सारण भरलेले टोमॅटो आणि मिरच्या म्हणजे येमिस्ता, पण कधी त्यात खिमा असतो, विचारून घ्या. मांसाहारींनी मसालेदार पास्तित्सादा आणि लसूण-व्हिनेगरचं सोफ्रितो सोडू नये. नळाचं पाणी जड आहे, स्थानिकही बाटलीचं पितात.

रात्रीचं घुबड

जेराल्डनं पाळलेलं युलिसिस हे स्कॉप्स घुबड होतं, वीतभर उंचीचं. त्याचा आवाज एप्रिलपासून उन्हाळाभर ऐकू येतो. अंधार पडल्यावर तासाभरानं गावाबाहेरच्या बागेच्या कडेला थांबा, फोन बंद करा आणि दहा मिनिटं बोलू नका. एकच बारीक शीळ दर दोन-तीन सेकंदांनी, घड्याळासारखी येत राहते. कधी थोड्या वेळानं दुसरीकडून वेगळ्या पट्टीत उत्तर येतं. टॉर्च तिकडे वळवू नका, डोळे दिपले की ते उडून जातं. कान देऊन दिशा ठरवा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाखाली पाहा. केस आणि कीटकांच्या पंखांचे तुकडे असलेली करडी गोळी पडलेली मिळाली तर घुबड याच खोडात राहतं. गोळी काडीनं उलगडून भिंगाखाली धरा आणि त्यानं रात्री काय खाल्लं ते वहीत लिहा.